उपनगरांतील पर्जन्यवृक्षांवरील पिठ्या ढेकूण : ओळख व व्यवस्थापन

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत रस्त्यांना सावली देणाऱ्या वृक्षांत पर्जन्यवृक्षाचे स्थान महत्त्वाचे आहे. हा वृक्ष मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील असला तरी येथे उत्तम रुजला. तथापि २०१० नंतरच्या दशकात मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष उभ्या उभ्या वाळले व त्यांवर पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग, ही कीड आढळली. प्रस्तुत लेखात तिची ओळख, वाढीची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

किडीची ओळख

नावात ‘ढेकूण’ असला तरी ही कीड माणसास चावत नाही. ती केवळ वनस्पतींचा रस शोषते. मादी पंखहीन, मऊ व पांढऱ्या मेणचट भुकटीने आच्छादलेली असते. कोवळ्या फांद्यांवर कापसासारखे पुंजके, पानांवर चिकट स्राव, त्यावर वाढणारी काळी बुरशी आणि खोडावर मुंग्यांची रांग ही प्रादुर्भावाची लक्षणे होत. उन्हाळ्याच्या आरंभी पर्जन्यवृक्षाची पाने स्वाभाविकपणेही गळतात. म्हणून केवळ पानगळ पाहून रोगनिदान करू नये.

वाढीची कारणे

उष्ण व कोरडे हवामान या किडीस पोषक असते. जोरदार पावसात ती बऱ्याच प्रमाणात धुऊन जाते. मुंग्या गोड स्रावासाठी तिचे शत्रूंपासून रक्षण करतात. बुंध्याभोवती सिमेंट घातल्याने मुळांना पाणी व हवा कमी मिळते व दुर्बल झालेला वृक्ष किडीस सहज बळी पडतो.

व्यवस्थापन

१) बुंध्याभोवतीचे सिमेंट काढून माती मोकळी करावी व उन्हाळ्यात पाणी द्यावे.
२) कीडग्रस्त फांद्या महानगरपालिकेच्या परवानगीने छाटून बंद पिशवीतून हलवाव्यात.
३) मुंग्यांना रोखण्यासाठी खोडावर चिकट पट्टी बांधावी.
४) घरातील जास्वंदीवर कीड दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी; नंतर निंबोळी अर्क फवारावा.
५) तीव्र कीटकनाशके सरसकट फवारू नयेत. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला क्रिप्टोलेमस हा भुंगेरा या किडीवर जगतो. त्याची अळीही पांढरी व मेणचट दिसते. परंतु ती आकाराने मोठी व अधिक चपळ असते. ओळख चुकल्यास आपला मित्रच मारला जातो.

निष्कर्ष

धोकादायक वाळक्या फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरवणे आवश्यकच आहे. मात्र निष्पर्ण वृक्ष मृतच असतो असे नाही. साल किंचित खरवडल्यावर आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास तो भाग जिवंत आहे असे समजावे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्षतोडीस पूर्वपरवानगी लागते. अशी परवानगी मागण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थांनी ही साधी तपासणी करून तज्ज्ञांचे मत घ्यावे. अनेक वर्षांत वाढलेली सावली एका उन्हाळ्यातील घाईने गमावणे हितावह नाही.