स्पॅनिशमध्ये ‘आठ दिवस’ म्हणजे सातच! ‘सेमाना’ शब्दाची गोष्ट काय आहे?

मोबाइल ॲपवर स्पॅनिश शिकायला घेतलं, की ‘सेमाना’ हा शब्द लवकरच भेटतो. अर्थ सोपा: आठवडा. गोंधळ पुढे होतो. स्पेनमध्ये कुणी सोमवारी ‘ओचो दीआस’नी, म्हणजे ‘आठ दिवसांनी भेटू’ म्हणालं, तर बहुतेक वेळा पुढचा सोमवारच अभिप्रेत असतो. दिवस मोजून मंगळवारी गेलात, तर भेट हुकलीच समजा.

शब्दाच्या मुळाशी मात्र सातच आहे. लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’ म्हणजे सात, त्यावरून ‘सेप्तिमाना’ झालं. इटालियन ‘सेत्तिमाना’त तो सात अजून ऐकू येतो, स्पॅनिशमध्ये झिजून ‘सेमाना’ उरलं. पोर्तुगीजमध्येही हाच शब्द आहे आणि तिथून तो गोव्याच्या कोकणीत ‘सुमान’ होऊन आला.

‘सेप्तेम’, संस्कृत ‘सप्त’ आणि फारसी ‘हफ्त’ हे एकाच भाषाकुळातले. म्हणजे सेमाना, सप्ताह आणि आपला हप्ता ही भावंडंच. गंमत म्हणजे ‘सेमाना’चा एक अर्थ आठवड्याची मजुरी असाही आहे!

मग आठ आले कुठून?

मोजण्याच्या पद्धतीतून. आजचा सोमवार धरला आणि पुढचाही धरला, तर आठ होतात. कोडिंग करणाऱ्यांना ही एकाची चूक चांगलीच ओळखीची असेल. इथे ती चूक नाही, रीत आहे. ईस्टरआधीचा ‘सेमाना सांता’, म्हणजे पवित्र आठवडा, रविवारपासून रविवारपर्यंत धरतात. मोजून पाहा, आठ दिवस भरतात.

मराठी माणसाला हे अवघड जायला नको. ‘आठवडा’ या शब्दातच आठ आहे आणि आठवडी बाजार भरतो दर सातव्या दिवशी. दोन आठवड्यांना आपण पंधरवडा म्हणतो, स्पॅनिशमध्ये ‘किन्से दीआस’, म्हणजे पंधरा दिवस. मेक्सिकोत पंधरवड्याच्या पगाराला ‘किन्सेना’ म्हणतात.

वारही जुळतात. ‘लुनेस’ चंद्राचा, म्हणजे सोमवार. ‘मार्तेस’ मंगळाचा, ‘मिएर्कोलेस’ बुधाचा, ‘हुएवेस’ गुरूचा, ‘बिएर्नेस’ शुक्राचा. शेवटचे दोन वेगळे: ‘साबादो’ ज्यूंच्या सब्बाथवरून आला, तर ‘दोमिंगो’ म्हणजे प्रभूचा वार. स्पेनच्या कॅलेंडरमध्ये तो शेवटच्या रकान्यात असतो, कारण तिथे आठवडा सोमवारी सुरू होतो.