फोन अपडेट केला आणि नंबर गेले?

फोनचे सॉफ्टवेअर नवे करून घेतले आणि उघडून पाहावे तर निम्मी नावे दिसत नाहीत, दवाखान्याच्या तारखाही नाहीत, असा अनुभव अनेक घरांत येतो. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईची पाच घरे, नाक्यावरच्या मजुराचा मुकादम, आईच्या डायलिसिसची पुढची तारीख, सारे त्या एका फोनवर असते. मुकादमाचा नंबर नाही म्हणजे त्या दिवसाची रोजी बुडाली. म्हणून माणसे घाबरतात, दुकानात धावतात, तिथे कोणीतरी फोन पूर्ण रीसेट करतो आणि उरलेले होते तेही पुसले जाते.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, पहिले काम म्हणजे काहीही पुसू नये.

आपण साठवलेली नावे एकाच जागी नसतात. काही सिमकार्डात, काही फोनच्या पोटात, तर काही गुगलच्या खात्यात असतात. फोन घेतला तेव्हा जीमेलचा पत्ता घातला होता, तेच हे खाते. पडद्यावर मात्र सगळी एकत्र दिसतात, त्यामुळे कोणते नाव कुठले ते कळत नाही. अपडेटनंतर पुष्कळदा नावे जागच्या जागी असतात. फक्त एका जागेची दिसेनाशी होतात, किंवा खात्याचे सिंक थांबते. सिंक म्हणजे फोनमधली यादी आणि खात्यातली यादी एकमेकींशी जुळती ठेवणे.

खात्री करायची सोपी रीत आहे. घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर त्याच जीमेलने गुगल कॉन्टॅक्ट्स उघडावे. नावे तिथे दिसली तर ती सुरक्षित आहेत आणि दुरुस्ती फक्त आपल्या फोनमध्ये करायची आहे. चुकून पुसलेली नावे तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहतात, म्हणून उशीर करू नये.

खरी अडचण निराळीच असते. पुष्कळांचे जीमेल दुकानदाराने काढून दिलेले असते, पासवर्ड त्यालाच ठाऊक! अपडेटनंतर फोनने पासवर्ड पुन्हा मागितला की सगळे अडते. आमचे सांगणे असे की फोन चालू आहे तोवरच खात्याला आपला स्वतःचा मोबाईल नंबर जोडावा आणि पासवर्ड आपण ठरवावा. एका फोनवर मुलाचे एक, आपले एक अशी दोन खाती असतील, तर नावे कोणत्या खात्यात जातात तेही पाहून ठेवावे.

आता फोनकडे. संपर्काच्या यादीत सर्व खात्यांची नावे दाखवण्याची निवड करावी. मग सेटिंगमध्ये खात्यांत जाऊन गुगल खाते उघडावे. तिथे कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर या दोन्हींची बटणे चालू हवीत. बॅटरी सेव्हर लावलेला असल्यास तो थोडा वेळ काढावा, कारण त्याने मागे चालणारे सिंक थांबते. फोनची तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेही पाहावे. ॲपचा कॅशे साफ केल्याने नुकसान होत नाही. पण संपर्क साठवणीचा 'डेटा' साफ केला तर फक्त फोनमध्ये असलेली नावे जातात.

कॅलेंडरची एक गंमत आहे. तिथे आंबेडकर जयंती, बुद्धपौर्णिमा दिसते, म्हणून माणूस समजतो सारे ठीक आहे. पण सुट्ट्यांची यादी गुगलकडून वेगळी येते. आपण घातलेल्या तारखा वेगळ्या कॅलेंडरात असतात. म्हणून कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्याच्या नावाखालचे सिंक चालू आहे का ते बघावे. तारीख दिसते पण आठवण वाजत नाही, असे असेल तर त्या ॲपच्या सूचना बंद झालेल्या असतात.

नावे परत आली की संपर्क ॲपमधून 'एक्सपोर्ट' करावे. सगळ्या नावांची एकच फाइल तयार होते. ती घरातल्याच कोणाच्या फोनवर ठेवावी, दुकानात नव्हे. त्यात सगळ्या नातलगांचे नंबर असतात. मुकादम, दवाखाना आणि मुलांची शाळा हे तीन नंबर मात्र वहीतही लिहावेत.