ससा : घरातला आणि माळावरचा
लेखमाला : छोटे सस्तन प्राणी, लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात चिचुंद्रीची ओळख करून घेताना आपण पाहिलं, की दिसायला उंदरासारखी असली तरी ती उंदरांच्या गणातली नाही. आज ज्याच्याबद्दल लिहायचं आहे, त्या सशाचंही तसंच. त्याचे पुढचे दात लांब आणि जन्मभर वाढणारे, त्यामुळे शास्त्रज्ञांनीही बराच काळ त्याला उंदीर-खारींच्या रांगेत बसवलं होतं. पण सशाचा वरचा ओठ हलकेच बाजूला केला, तर पुढच्या दोन मोठ्या दातांच्या अगदी मागे चिकटून दोन बारीक दात दिसतात. उंदीर, घूस, खार यांना हे दात नसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ससे आणि हिमालयात राहणारे पिका यांचा वेगळा गण मानला जाऊ लागला.

महाराष्ट्रात आपली गाठ दोन प्रकारच्या सशांशी पडते. एक माळावरचा, काळ्या मानेचा रानससा. दुसरा घरात पाळला जाणारा, पांढरा किंवा ठिपक्याठिपक्यांचा. घरातल्यावर माया करायची म्हणून आपण त्याला गाजर भरवतो आणि माळावरच्याचं पिल्लू दिसलं की दया येऊन घरी उचलून आणतो. दोन्ही ठिकाणी हेतू चांगला असतो आणि दोन्ही ठिकाणी बळी सशाचा जातो. म्हणून या दोघांच्या गरजा नीट समजून घ्यायला हव्यात.

दोघे किती वेगळे

पाळीव ससा मूळचा आपल्याकडचा नाही. त्याचे पूर्वज स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स या भागातले. जमिनीत बिळांचं जाळं खणून कळपाने राहणारे. आज बाजारात मिळणाऱ्या सगळ्या जाती, अंगोरा असो वा लाल डोळ्यांचा पांढरा न्यूझीलंड व्हाइट, त्या एकाच रानटी जातीपासून माणसाने निवडून वाढवलेल्या आहेत.

रानससा या मातीतलाच. तो बीळ खणत नाही. गवतात, झुडपाच्या बुडाशी अंगापुरता खळगा करून दिवसभर त्यात बसून राहतो आणि संधिप्रकाशात चरायला निघतो. बहुतेक वेळ एकटाच असतो. या दोघांच्या गुणसूत्रांची संख्याही वेगळी आहे : रानसशाची ४८, पाळीव सशाची ४४. त्यामुळे त्यांचा संकर होत नाही.

सगळ्यात मोठा फरक पिल्लांमध्ये आहे. पाळीव सशाची मादी साधारण ३१ दिवसांनी विते. पिल्लं उघडी, आंधळी, हलताही न येणारी. बिळाच्या आत, आईने स्वतःच्या अंगावरचे केस उपटून केलेल्या मऊ गादीवर ती वाढतात. रानसशाला बिळाचा आधार नाही, म्हणून त्याची पिल्लं आईच्या पोटातूनच तयार होऊन येतात. अंगभर लव, डोळे उघडे आणि जन्मल्यावर थोड्याच वेळात हालचाल करण्याची ताकद.

माळावरचं पिल्लू

पुणे जिल्ह्यातलं सुपे, सोलापूरजवळचं नान्नज, अहिल्यानगर आणि सातारा जिल्ह्यांतली कोरडवाहू माळरानं ही रानसशाची हक्काची जागा. लांडगा, कोल्हा, खोकड, रानमांजर, गरुड, घुबड, सगळ्यांच्या जेवणात ससा असतो. बचावासाठी त्याच्याकडे तीनच गोष्टी आहेत : मातीच्या रंगाचं अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने जवळजवळ सगळीकडचं पाहणारे डोळे आणि लांब मागचे पाय. धोका दिसला तरी तो आधी पळत नाही. कान पाठीवर पाडून जमिनीला चिकटतो आणि आपण अगदी पावलावर येईपर्यंत तसाच राहतो. मग एकदम उसळतो आणि वेडीवाकडी वळणं घेत दिसेनासा होतो.

पिल्लांचा बचावही याच पद्धतीचा. आई दिवसभर त्यांच्याजवळ थांबत नाही, कारण ती थांबली तर तिच्या वासाने शिकारी जनावर पिल्लांपर्यंत पोहोचेल. दिवस मावळल्यावर ती येते, काही मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. तिचं दूध इतकं दाट असतं, की तेवढ्यावर पिल्लाचा पुढचा दिवस निघतो. उरलेला सगळा वेळ पिल्लू एकटं, गप्प, न हलता बसून असतं.

नेमकं हेच आपल्याला कळत नाही. ज्वारीच्या काढणीला, हरभरा उपटताना, ऊसतोडीत सशाचं पिल्लू दिसतं. आई आसपास नाही, पिल्लू पळतही नाही. मग ते पोरकं आहे असं समजून कुणीतरी टोपीत घालून घरी नेतं आणि बशीत गाईचं दूध ठेवतं. त्या दुधाने त्याला जुलाब लागतात. माणसांच्या आवाजाने, हाताळण्याने धसका बसतो तो वेगळाच. अशी उचलून आणलेली पिल्लं क्वचितच जगतात.

पिल्लाला जखम नसेल तर त्याला आहे तिथेच राहू द्यावं. काढणी थांबवणं शक्य नसेल, तर मूठभर गवतासकट उचलून बांधावरच्या झुडपाच्या सावलीत, जवळच्या जवळ ठेवावं. कुत्री बांधून घालावीत आणि माणसांनी तिथून दूर व्हावं. संध्याकाळी आई शोधत येते. पिल्लू जखमी असेल, किंवा आई मेलेली डोळ्यांनी दिसली असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. तोवर अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात कापडावर ठेवावं आणि तोंडात काही घालू नये.

रानससा पकडणं, मारणं, विकणं किंवा घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही रात्री बॅटरीच्या झोतात डोळे दिपवून किंवा वाघूर लावून सशांची शिकार चालते. तिच्याइतकाच मोठा घाव माळ नांगरले जाण्याचा आहे. ‘पडीक जमीन’ म्हणून ज्या माळांची नोंद होते, तिथे सशाचं घर, अन्न आणि लपण सगळं असतं. ससा गेला की त्याच्यावर जगणारे लांडगे आणि कोल्हे शेळ्या-मेंढ्यांकडे वळतात.

घरातला ससा : पोटाचं गणित

पाळीव सशाला समजून घ्यायचं तर त्याच्या पोटापासून सुरुवात करावी लागते. ससा दिवसरात्र थोडंथोडं गवत खाण्यासाठीच घडलेला प्राणी आहे. त्याला ओकता येत नाही. आत गेलेलं अन्न पुढेच सरकायला हवं आणि ते पुढे ढकलण्याचं काम गवताचा लांब, चरबरीत चोथा करतो.

लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सशाला एक मोठी पिशवी असते. गवताचे जाड धागे तिथे न थांबता पुढे जातात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक भाग मात्र पिशवीत परत फिरवला जातो. तिथले जिवाणू त्याला आंबवतात आणि त्यातून प्रथिनं, ब गटातली जीवनसत्त्वं तयार होतात. हा आंबलेला माल मऊ, काळपट, चकचकीत दाण्यांच्या घोसासारखा बाहेर येतो आणि ससा मान वळवून तो थेट गुदद्वारातूनच खातो. पुष्कळ पालक हे पाहून घाबरतात किंवा त्याला मारतात. त्याला तसं करू द्यावं. तेच त्याचं दुसरं जेवण आहे. असे मऊ घोस पिंजऱ्यात पडून राहू लागले, तर मात्र खाण्यात पीठ-साखर जास्त होतेय असं समजावं.

म्हणून सशाच्या आहाराचा मोठा वाटा सुक्या गवताचाच हवा. ते चोवीस तास समोर असावं. दुकानातलं परदेशी टिमोथी गवत महाग पडतं. ते परवडत नसेल तर आपल्याकडचं मारवेल, पवना, नीट वाळवलेली हरळी चांगली चालते. बुरशी आलेलं गवत अजिबात घालू नये. गणपतीत आपण ज्या दूर्वा वाहतो, ती हीच हरळी. ताजी असेल तर ससा आवडीने खातो. फक्त ती रस्त्याच्या कडेची किंवा तणनाशक मारलेल्या बागेतली नसावी. लसूणघासात कॅल्शियम फार असतं. वाढत्या पिल्लाला तो ठीक, मोठ्या सशाला रोज दिला तर लघवीच्या पिशवीत गाळ साठतो. कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला रोज थोडा द्यावा, पालक अधूनमधून. गाजर आणि फळ म्हणजे सशाची मिठाई. आठवड्यातून दोनतीनदा, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. पोळी, भात, बिस्किट, पाव, फरसाण यांतलं काहीही देऊ नये.

दातांचाही प्रश्न गवतच सोडवतं. सशाचे पुढचे दात आठवड्याला दोनतीन मिलिमीटर वाढतात, दाढाही सतत वाढतात. गवत तासन् तास दाढांखाली रगडलं जातं तेव्हाच त्या समान झिजतात. मऊ खाणं खाणाऱ्या सशाच्या दाढांना टोकं येतात, ती जिभेत आणि गालात रुततात. ससा अन्नाजवळ येतो, हुंगतो, तोंड लावतो आणि मागे सरतो. घरच्यांना वाटतं, याला आजकाल आवडीनिवडी फुटल्या आहेत. खरं तर तो उपाशी असतो, पण चावताना त्याला दुखत असतं.

जागा, उन्हाळा आणि सोबत

बाजारात ससा ज्या तारेच्या पिंजऱ्यात मिळतो, त्यात त्याने आयुष्य काढावं अशी ती जागा नाही. कुत्र्या-मांजरासारख्या पंजाच्या गाद्या सशाला नसतात, फक्त केस असतात. तारेवर बसून टाचा सोलवटतात, त्यात पू होतो. तळाला सतरंजी, गोणपाट किंवा जाड गवताचा थर हवा. लपायला एक खोकं हवं. त्याला दोन दारं असावीत, कारण बिळात राहणाऱ्या जनावराला सुटकेची वाट दिसली तरच निवांत वाटतं. आणि रोज काही तास मोकळं धावायला मिळायला हवं. मोकळा सोडलेला, खुशीत असलेला ससा धावता धावता मध्येच हवेत उडी मारतो आणि त्या उडीत मान एका बाजूला, कंबर दुसऱ्या बाजूला फिरवतो. छोट्या पिंजऱ्यातल्या सशाला ही उडी मारताच येत नाही.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांमधून बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. मग नागपूर-अकोल्याचा वैशाख किंवा पत्र्याच्या छपराखालची मुंबईतली गॅलरी त्याचं काय करत असेल! उन्हाळ्यात त्याला घरातल्या सगळ्यात थंड फरशीवर ठेवावं. बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून शेजारी द्यावी, कान ओल्या बोटांनी पुसावेत, पसरट भांड्यात पाणी भरून ठेवावं. आंघोळ कधीच घालू नये. भिजलेला ससा धसक्याने दगावू शकतो.

कानाला धरून ससा उचलणं ही आपल्या बाजारातली जुनी आणि वाईट सवय. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दणकट. लोंबकळत असताना त्याने जोरात लाथ झाडली, तर त्याचाच कणा मोडतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली घेऊन त्याला अंगाशी धरावं. उताणं केल्यावर ससा निपचित पडतो, त्याचे व्हिडिओ लोक कौतुकाने पाहतात. ती झोप नसते, शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर येणारी भीतीची अवस्था असते.

ससा कळपात राहणारा आहे, एकट्याने कुढतो. जोडी ठेवायची तर दोघांची नसबंदी करून घ्यावी. नाहीतर व्यायल्यावर मादी एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदी न केलेल्या, वय वाढलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोगही खूप आढळतो. हे काम सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावं.

दुखणं लपवणं हा शिकार होणाऱ्या प्रत्येक प्राण्याचा स्वभाव आहे. म्हणून सशाचं खाणं आणि लेंड्या रोज पाहाव्यात. बारा तास ससा जेवला नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिलचं औषध सशाला विषासारखं असतं. माणसाचं अमॉक्सिसिलीन त्याला पोटातून दिलं, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून तोही मरू शकतो. घरातलं कुठलंच औषध त्याला परस्पर देऊ नये.

आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर

नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. तिसरीतल्या मुलाच्या वाढदिवसाला आणलेला ससा त्याच्या बारावीपर्यंत सोबत असू शकतो. तेव्हा जबाबदारी मुलाची नसते, घरातल्या मोठ्यांची असते. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत आणि त्यांत ससेही येतात. नोंदणी नसलेल्या दुकानातून किंवा रस्त्याच्या कडेच्या टोपलीतून ससा घेऊ नये. त्याहून चांगलं म्हणजे कुणी सोडून दिलेला ससा दत्तक घ्यावा.

हौस संपली म्हणून ससा बागेत किंवा डोंगरावर सोडणं याला ‘मुक्त करणं’ म्हणतात, ते साफ चूक आहे. पांढरा ससा आपल्या मातीत लपू शकत नाही. कुत्री, मांजरं, मुंगूस आणि कावळे थोड्याच दिवसांत त्याचा फडशा पाडतात. आणि जिथे तो तगतो, तिथे दुसरं संकट उभं राहतं. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीच्या हौसेपायी सोडलेल्या २४ सशांच्या वंशजांनी त्या खंडाची कुरणं उजाड केली आणि तो प्रश्न आजही तिथे सुटलेला नाही.

घरातल्या सशाने स्वतःहून आपल्याकडे यायचं ठरवलेलं नव्हतं. त्याला आणणारे आपण आहोत, म्हणून त्याला गवत, गारवा, मोकळी जागा आणि सोबत द्यायला आपण बांधील आहोत. माळावरच्या सशाला आपल्याकडून यातलं काहीच नको. त्याचा माळ तेवढा राहू द्या. आणि येत्या सुगीत शेतात एखादं पिल्लू एकटं बसलेलं दिसलं, तर शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगा, की त्याची आई संध्याकाळी येणार आहे.

(पुढच्या आठवड्यात : खार)