एअर पिस्तुलाचा ट्रिगर अपग्रेड करायचाय? आधी अर्धा किलोचं वजन आणा!

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ जिंकलं आणि त्यानंतर आमच्या ठाण्याच्या रेंजवर नवीन मुलांची गर्दी वाढली. मी डोंबिवलीहून तिथे सरावाला जातो. स्कोअर अडकला की प्रत्येकाचा प्रश्न एकच, "दादा, ट्रिगर बदलू का?" आज त्याचंच उत्तर पाहूया.

ट्रिगर एवढा महत्त्वाचा का?

एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिमी व्यासाचं असतं. पुढची आणि मागची साइट यांच्यात समजा ३२० मिमी अंतर आहे. ट्रिगर दाबताना पुढची साइट १ मिमी जरी बाजूला सरकली, तरी १० मीटरवर पेलेट साधारण ३१ मिमी बाजूला जातं. म्हणजे दहाऐवजी थेट सात! नेम बरोबर असूनही शॉट जातो, कारण बोटाने पिस्तूल हलवलेलं असतं.

आत नेमकं काय होतं?

मॅच पिस्तुलाचा ट्रिगर बहुतेक वेळा टू-स्टेज असतो. पहिल्या स्टेजमध्ये ट्रिगर हलकेच मागे येतो आणि एका जागी अडतो. तिथून थोडा जास्त दाब दिला की दुसरी स्टेज सुटते. मेकॅनिकल ट्रिगरमध्ये सिअर नावाचा छोटा खटका हॅमरला अडवून धरतो. तो सरकला की हॅमर सुटतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये बोटाखाली स्विच असतो आणि पुढचं काम सोलेनॉइड करतो. घर्षण कमी, त्यामुळे प्रत्येक शॉट सारखा लागतो. पण बॅटरी आणि सर्किट सांभाळावं लागतं. टोकियोत ऐन क्वालिफिकेशनमध्ये मनूच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि तिचा मोलाचा वेळ गेला, हे आठवत असेलच.

५०० ग्रॅमचा नियम

आयएसएसएफच्या नियमानुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. मेकॅनिकल असो वा इलेक्ट्रॉनिक, सूट नाही. तपासणीत नळी उभी धरतात, पिस्तूल कॉक करतात आणि ट्रिगरला अडकवलेलं वजन टेबलावरून उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, शॉट सुटता कामा नये. जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात.

इथेच मी आपटलो. ट्रिगर हलका केला की स्कोअर वाढेल असं वाटून मी दुसऱ्या स्टेजचा स्क्रू सैल केला होता. घरी एकदा वजन उचललं गेलं, मी खूश! स्पर्धेच्या दिवशी तिन्ही वेळा 'टक्' आवाज आला. तिथेच घाईघाईने स्क्रू घट्ट केला, पुन्हा तपासून घेतलं आणि अनोळखी ट्रिगरने ६० शॉट मारले. स्कोअर विचारू नका. पण हे मॅचनंतरच्या रँडम तपासणीत झालं असतं तर थेट बाद!

मग काय करायचं?

आता मी वाण्याकडे असतं तसं अर्धा किलोचं वजन तारेच्या हुकासकट वापरतो. हुकाचे काही ग्रॅम जास्तच भरतात, तीच माझी सुरक्षित बाजू. दहा वेळा उचललं तरच पास.

सेटिंगचा क्रम असा ठेवा:

१. आधी ट्रिगरची पट्टी पुढे-मागे करून बोटाचं पहिलं पेर सरळ मागे दाबेल अशी जागा शोधा. फुकटातलं सगळ्यात मोठं अपग्रेड हेच!
२. मग दोन्ही स्टेजमध्ये वजन वाटून घ्या. उदाहरणार्थ, पहिलीत ३५०, दुसरीत १७०.
३. शेवटी ट्रिगर स्टॉप लावा, म्हणजे शॉट सुटल्यावर बोट पुढे घसरत नाही. फार घट्ट केलात तर शॉटच सुटणार नाही.

एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेरा, आणि वहीत नोंद. हे सगळं पेलेट काढून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, मॅन्युअल समोर घेऊनच करा. सिअर घासायच्या फंदात मात्र पडू नका. ते काम गनस्मिथचं.

नवीन ट्रिगर घ्यावा का?

सेटिंग करून महिनाभर ड्राय फायर करा. तरीही दुसरी स्टेज खरखरत असेल किंवा रोज वेगळी लागत असेल, तर बदलायला हरकत नाही. माझं म्हणाल तर, मी अजून जुनाच मेकॅनिकल ट्रिगर वापरतो. फक्त अर्ध्या किलोचं ते वजन आता कायम किटमध्ये असतं.