व्हिडिओतला आवाज दुसऱ्या ट्रॅकवर नेताय? आधी हे वाचा

सप्ताहातलं काल्याचं कीर्तन असो, लग्नातली मंगलाष्टकं असोत की कापसावरच्या फवारणीची माहिती, गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत गावोगावी पोरं आता स्वतःच व्हिडिओ एडिट करून टाकतात. चित्र बहुतेक वेळा झकास असतं. घोळ होतो तो आवाजात. महाराजांचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, नाहीतर मधलं एखादं वाक्यच गायब होतं. हा घोळ बऱ्याचदा शूटिंगमधला नसतो, आवाजाची क्लिप एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर हलवताना झालेला असतो.

ट्रॅक म्हणजे टाइमलाइनवरची एक आडवी ओळ. वरच्या ओळीत चित्र, खाली आवाजाच्या ओळी: एकीवर बोलणं, दुसरीवर संगीत, तिसरीवर साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून पेनड्राइव्हवर घेतलेलं रेकॉर्डिंग. क्लिप वर-खाली नेली तर फक्त ओळ बदलते. पण बोट किंवा माऊस जरा डावी-उजवीकडे सरकला की वेळ बदलते, आणि ओठ व आवाज यांची फारकत होते. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. एवढं सहसा कळत नाही, पण चार-पाच फ्रेम सरकल्या की बघणाऱ्याला खटकतंच.

कॉम्प्युटरवर प्रीमियर वापरत असाल तर क्लिप ओढत बसू नका. आल्ट दाबून फक्त आवाजाच्या भागावर क्लिक करा, म्हणजे चित्र सोडून आवाज तेवढा निवडला जातो. मग आल्ट आणि वरचा किंवा खालचा बाण दाबा. क्लिप सरळ शेजारच्या ट्रॅकवर जाते, वेळ हलत नाही. आल्ट दाबून ठेवूनच क्लिप ओढली तर मात्र तिची दुसरी प्रत तयार होते. मग एकच आवाज दोनदा वाजतो आणि विहिरीत बोलल्यासारखं ऐकू येतं. जोडलेला आवाज चित्रापासून सरकला असेल तर क्लिपवर लाल आकडा दिसतो. तो आकडा दिसला की पुढचं काम थांबवायचं आणि आधी तेच दुरुस्त करायचं.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. ज्या ट्रॅकवर क्लिप टाकताय तिथं त्याच वेळेला दुसरा आवाज असेल, तर प्रीमियर तो न विचारता पुसून त्यावर नवी क्लिप बसवतं. शॉटकटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही असं होऊ शकतं. लग्नात अशानं एखादं मंगलाष्टक जाईल, घरचे हळहळतील. पण फवारणीच्या व्हिडिओत ‘दहा लिटर पाण्यात’ हे तीनच शब्द पुसले गेले तर? ऐकणारा औषधाचं प्रमाण चुकीचं धरेल आणि पीक जळेल. म्हणून आधी रिकामा नवीन ट्रॅक जोडा, क्लिप तिथंच न्या, आणि ज्या ट्रॅकला हात लावायचा नाही त्याच्या कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून तो लॉक करा. हे करायला दहा सेकंद लागतात, तरी बहुतेक जण कंटाळा करतात.

आवाज स्वच्छ करायचा इफेक्ट किंवा व्हॉल्यूम क्लिपला न लावता अख्ख्या ट्रॅकला लावला असेल, तर क्लिप हलवल्यावर तो मागच्याच ट्रॅकवर राहतो. ‘आवाज एकदम कसा बदलला?’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

मोबाईलवर काइनमास्टरमध्ये भानगड थोडी निराळी. तिथं खालचे आवाज मुख्य ओळीतल्या व्हिडिओला बांधलेले असतात. सुरुवातीचा एखादा तुकडा कापला की पुढचे आवाजही त्याच्यासोबत मागं येतात. हे बऱ्याचदा सोयीचंच असतं. पण संगीत ठरलेल्या वेळेलाच वाजायला हवं असेल तर त्या क्लिपला पिन लावा.

मंडपाच्या मागून शूटिंग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. साऊंड बॉक्सपासून 34 मीटरवर मोबाईल असेल तर आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो, म्हणजे अडीच फ्रेम. मिक्सरचं रेकॉर्डिंग मोबाईलमधल्या आवाजाशी जुळवलं तर हा उशीर तसाच राहतो. त्यापेक्षा ओठांशी किंवा टाळाच्या ठोक्याशी जुळवा. जुळल्यावर मोबाईलचा आवाज म्यूट करा, डिलीट करू नका. मिक्सरमध्ये कुठं खरखर निघाली तर तोच कामाला येतो.

मूळ फाईल जपा. प्रोजेक्टमध्ये आवाजाचा फक्त पत्ता असतो. स्टोरेज भरलं म्हणून व्हॉट्सॲपमधली ऑडिओ उडवली की टाइमलाइनवरूनही आवाज जातो. मित्राकडून फाईल मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे दर्जा उतरत नाही. आणि ट्रॅक हलवण्याआधी प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा. अनडूचा भरवसा ॲप बंद होईपर्यंतच.

अपलोड करण्याआधी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी ओठ बघत ऐका. तिन्हीकडं सारखाच फरक असेल तर क्लिप सरकलेली आहे, तेवढीच मागं-पुढं घ्या. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी फरक असेल, तर ट्रॅकला दोष देऊ नका. मोबाईलचं शूटिंग बऱ्याचदा कमी-जास्त फ्रेम रेटनं होतं. तो व्हिडिओ आधी एकसारख्या फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या आणि मगच आवाज जुळवायला बसा.