पाळी गेली, चेहरा बदलला : ट्यूबपेक्षा दुपट्टा बरा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही बचत गटांच्या सहयोगिनी. वर्धा जिल्ह्यात गावोगावच्या बैठकांना जातो. हप्ते, व्याज, कर्जाचे अर्ज हे सगळं लिहून झालं की पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बाया एक गोष्ट जरा हळू आवाजात काढतात. कोणी म्हणते, पाळी बंद झाली तेव्हापासून तोंड कोरडंठाक पडलं. कोणी म्हणते, गालावरचं वांग जातच नाही. आणि शेवटी प्रश्न येतो तो हाच, "ताई, शेजारणीनं एक ट्यूब आणली, तिचं तोंड उजळलं. मी लावू का?"

आज याच प्रश्नाचं उत्तर देऊ. पण आधी चेहरा का बदलतो ते समजून घेऊ. कारण कळलं की अर्धी भीती जाते, आणि अर्धा खर्चही वाचतो.

चेहरा का बदलतो?

आपल्याकडे बहुतेक बायांची पाळी ४५ ते ५० या वयात थांबते. लागोपाठ १२ महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं डॉक्टर धरतात. पिशवीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयही काढले असतील, तर हाच बदल एकदम होतो, मग वय पस्तीस का असेना.

अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार होतं. त्वचेची ओल, जाडी आणि ताण टिकवायला ते मदत करतं. पाळी जाते तेव्हा ते कमी होतं. आपण कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या बाया, तेव्हा गादीचं उदाहरण घेऊ. नवी गादी फुगीर असते. कापूस दबला की ती पातळ होते आणि खोळीला सुरकुत्या पडतात. त्वचेच्या आत कोलॅजन नावाचे धागे असतात, ते या कापसासारखे. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्यातले साधारण ३० टक्के कमी होतात. पुढे दरवर्षी थोडे थोडे. त्वचेतलं नैसर्गिक तेलही कमी होतं. म्हणून चेहरा कोरडा पडतो, ओढल्यासारखा वाटतो, खाजतो, आणि पूर्वी चालणारा साबण आता झोंबतो.

हनुवटीवर दोन-चार राठ केस येणं हेही याच बदलातलं. मध्येच चेहरा तापून लाल होणं, घाम फुटणं, हेही त्यातलंच. यात लाजण्यासारखं काही नाही आणि हा आजारही नाही.

वांगाची गोष्ट थोडी वेगळी. ते अनेकींना गरोदरपणात किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांच्या काळात सुरू होतं आणि उन्हाने गडद होतं. काही घराण्यांत ते आई-मावशीकडून येतं. रक्त कमी झालं म्हणून वांग येतं असं बाया म्हणतात. तसं नाही. रक्त कमी असलं तर चेहरा फिकट पडतो, डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते. ती तपासणी करायलाच हवी, पण वांग त्यामुळे येत नाही.

सगळ्यात मोठं कारण : ऊन

वय सगळ्यांचंच वाढतं. पण सावलीत काम करणाऱ्या बाईचा चेहरा आणि वावरात काम करणाऱ्या बाईचा चेहरा यांत फरक पडतो तो उन्हाने. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा आपण तोंड बांधतोच. पण कापूस वेचणी थंडीत असते. ऊन कोवळं, गोड लागतं, म्हणून दुपट्टा सुटतो. ऊन भाजत नसलं तरी त्यातले अतिनील किरण त्वचेत शिरतातच. सोयाबीनच्या निंदणाला ढग असले तरी ते येतात.

साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आपण घालतोच. तसाच घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा कपाळ, गाल आणि मान झाकेल असा बांधायचा, बाराही महिने. जुना, विरलेला दुपट्टा कमी संरक्षण देतो. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेतलं ऊन जास्त वाईट. मजुरीला जाणारीच्या हातात वेळ नसते हे आम्हाला ठाऊक आहे. पण शिदोरी झाडाखाली बसून खाणं तरी हातात आहे. ज्यांना परवडतं त्यांनी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं सनस्क्रीन घराबाहेर पडण्यापूर्वी लावावं आणि दोन-तीन तासांनी परत लावावं. नाही परवडलं तरी दुपट्टा आणि सावली ही पहिली औषधं आहेतच. चुलीच्या धगीनेही वांग वाढू शकतं, तेव्हा जाळासमोर तोंड खाली करून फुंकत बसू नका, फुंकणीने फुंका.

घरची साधी काळजी

चेहरा दिवसातून दोनदा साध्या किंवा किंचित कोमट पाण्याने धुवा. कपड्याचा साबण तोंडाला कधीच नको. आंघोळीचा साबणही चेहऱ्याला एकदा पुरे. धुतल्यावर खसाखसा पुसू नका. त्वचा ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा साध्या व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, म्हणजे आतली ओल आत राहते. ज्यांना मुरमं येतात त्यांनी तेलाऐवजी ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळून लावावं.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे तोंडाला लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर चेहरा पोळतो आणि काळे चट्टे उठतात. डाग घालवायला जावं आणि नवे घेऊन यावं, असं ते होतं.

ताटात रोज वरण, उसळ, जमलं तर अंडं हवं. जवसाची चटणी आणि हिरवी भाजी आपल्या घरचीच आहे. आणि खर्रा सोडा. सुपारी-तंबाखूने गालाचं आतलं अस्तर कडक होतं, तोंड उघडेनासं होतं. कॅन्सरचा धोका तर आहेच.

ट्यूबची गोष्ट

आता त्या उजळवणाऱ्या ट्यूबकडे येऊ. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अनेक ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. डब्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलेलं असलं तर ते स्टिरॉइड समजा. खरूज-खाजेच्या मलमांतही ते मिसळलेलं असतं. एक्झिमा, सोरायसिस अशा आजारांवर डॉक्टर मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात तेव्हा ते चांगलं औषध आहे. रोज तोंडाला लावायचं क्रीम ते नाही.

पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो. म्हणूनच शेजारीण खुश असते. पुढे काय होतं? स्टिरॉइड त्वचा पातळ करतं. लाल बारीक शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, केस वाढतात, उन्हात चेहरा जळजळतो. ट्यूब थांबवली की लाली आणि आग दुप्पट होते, म्हणून बाई परत तीच ट्यूब आणते. हे व्यसनासारखंच आहे. पाळी गेल्यानंतर आपली त्वचा आधीच पातळ होत असते. त्याच वयात तिला आणखी पातळ करणारं औषध रोज चोळणं म्हणजे दबलेल्या गादीतून उरलासुरला कापूस उपसणं.

हा त्रास देशभर इतका वाढला की त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तेव्हा दुकानदाराने "घेऊन जा, काही होत नाही" म्हटलं तरी चिठ्ठी नसेल तर घेऊ नका. ज्या मैत्रिणी अनेक महिन्यांपासून लावत आहेत, त्यांनी घाबरून एकदम बंद करू नये. रिकामी ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं. ती हळूहळू कशी सोडायची ते डॉक्टर सांगतात.

अकोल्याची गोष्ट

नावपत्ता नसलेल्या क्रीमचा धोका याहून मोठा आहे. आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे. अकोल्यातल्या एका तरुण मुलीने स्थानिक ब्युटिशियनकडून गोरेपणाचं क्रीम घेतलं. घरात एक डबी आली की सगळ्याच लावतात, तसं तिच्या आईने आणि बहिणीनेही लावलं. २०२२ साली तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचं दिसलं. कारण सापडत नव्हतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्या क्रीममध्ये भरपूर पारा निघाला.

पारा त्वचेचा काळेपणा तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. आईच्या चेहऱ्यावरून, टॉवेलवरून तो लेकरालाही लागतो. आपल्या कायद्याने चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळायला बंदी आहे. नकळत राहून गेलेला अंशही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. ओळखायची एक खूण सांगतो. डबीवर मर्क्युरी किंवा कॅलोमेल लिहिलं असेल, किंवा "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल, तर ती डबी घरात ठेवू नका. जे दागिन्याला चालत नाही ते आपल्या कातडीला कसं चालेल?

टिकली आणि डाय

टिकलीच्या जागी खाज, काळेपणा किंवा पांढरा डाग दिसला तर ती टिकली लगेच बंद करा. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने त्या जागेचा रंगच जातो. केसांचा डाय आणि "काळी मेंदी" यांत पीपीडी नावाचं रसायन असू शकतं. लावल्यावर कपाळ, कानाच्या पाळ्या खाजत असतील आणि चेहरा काळवंडत असेल, तर कारण डाय असू शकतं, वय नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

महिनाभर न भरणारी जखम, वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ, दोन्ही गालांवर लाल पुरळ आणि सोबत सांधेदुखी, चेहऱ्यावर सूज आणि लघवीला फेस, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. मानेवर जाड, मखमली काळेपणा आला तर साखर तपासा. फिकट किंवा लालसर चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि लवकर सुरू केले तर माणूस पूर्ण बरा होतो. आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. त्वचेच्या डॉक्टरांसाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. वांगावर औषध आहे, पण ते महिनोन्‌महिने चालतं, आणि उन्हात तोंड उघडं राहिलं तर वांग परत येतं.

गटाने काय ठरवायचं?

क्रीम विकणारे आता गटाच्या बैठकीपर्यंत येतात. "तुम्हीच एजंट व्हा, कमिशन घ्या" म्हणतात. चार पैसे मिळतील म्हणून मोह होतो. पण आपल्या शब्दावर विश्वास ठेवून घेणारी बाई ही आपल्याच गटातली असते. म्हणून प्रत्येक गटाने एक ठराव करावा. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदतीची तारीख नाही, ती डबी आपल्या गटात विकायची नाही, घ्यायची नाही. पक्की पावती मागायची. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची. स्वतः क्रीम बनवून विकायचा विचार असेल तर त्यालाही परवाना लागतो, हे आधी लक्षात घ्यावं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली क्रीमची डबी आणि ट्यूब सोबत आणावी. गटात वाचता येणाऱ्या दोघींनी मोठ्याने वाचून दाखवावं की आत काय आहे. अर्धा तास लागेल. आणि चेहरा काळवंडला म्हणून घरी कोणी टोमणा मारला, तर त्याला सांगा, हा रंग वावरात राबून आला आहे, आणि त्याच राबण्यावर घर चाललं आहे.