कोणते कडवे गळाले?

लातूर-नांदेडकडे १४ एप्रिलला आणि १ ऑगस्टला, म्हणजे बाबासाहेबांच्या आणि अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीला, एक गाणे हमखास वाजते : अण्णाभाऊंचे ‘जग बदल घालुनी घाव’. बौद्ध वस्तीत वाजते, मातंग वस्तीतही वाजते. या दोन वस्त्यांची गाणी एरवी बरीचशी वेगळी. हे मात्र दोघींचे आहे. मातंग समाजात जन्मलेल्या आणि कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या शाहिराने ते बाबासाहेबांचा निरोप म्हणून लिहिले, म्हणून ते दोघींचे झाले. परंतु मिरवणुकीत वाजणारे गाणे आणि अण्णाभाऊंनी लिहिलेले गाणे यांत आता अंतर पडले आहे. मला त्या अंतराविषयी लिहायचे आहे.

मूळ गाण्याला ध्रुवपद आणि चार कडवी आहेत. पहिल्यात गुलामीच्या चिखलात अडकलेल्या हत्तीला उठवले आहे. दुसऱ्यात पिळणारे कोण आणि छळणारे कोण, ते स्पष्ट सांगितले आहे. तेथे श्रीमंत आणि धर्मवेडे यांना शाहिराने एकाच ओळीत उभे केले आहे. तिसऱ्यात आपल्याला हीन ठरवून आपल्यावर लादलेल्या जिण्याची तक्रार आहे. एकजुटीची हाक येते ती चौथ्यात, आणि तिच्याबरोबर नव्या महाराष्ट्राचे स्वप्न येते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे हे कडवे आहे. हा क्रम उगाच आलेला नाही. आधी शोषकाचे नाव घ्यायचे, अपमानाचा हिशेब मांडायचा आणि मग एकत्र या म्हणायचे, अशी त्याची मांडणी आहे.

डीजेच्या भिंतीपुढे यातले काय उरते? ध्रुवपद उरते. हत्ती कधी असतो, कधी नसतो. चौथ्या कडव्यातली एकजूट फलकावर जाते, पुढाऱ्याच्या फोटोशेजारी. दुसरे आणि तिसरे कडवे मी मिरवणुकीत फार क्वचित ऐकले आहे. वर्गात विद्यार्थ्यांना विचारले तर ध्रुवपद सगळे म्हणतात. दुसरे कडवे म्हणणारे दोन-तीनच निघतात, आणि त्यांच्या घरात कोणी जुना कलापथकवाला असतो.

हे केवळ डीजेमुळे झाले, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. सलोख्याच्या गाण्याचे जगात इतरत्र काय झाले, ते पाहिले पाहिजे. मराठवाड्याला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा परका नाही. म. ना. वानखडे यांनी तिकडचे विद्रोही साहित्य आपल्या चर्चेत आणले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेल्या जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा शेक्सपिअरपेक्षा या ग्रंथाचा विषय मला जवळचा वाटला, हे सांगायला संकोच नाही.

अमेरिकेत १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्याचा निकाल दिला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरले. नऊ न्यायाधीश, नऊही एकमताने. त्याच वर्षी डेव्हिड आर्किन यांनी शब्द आणि अर्ल रॉबिन्सन यांनी चाल देऊन ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हे गाणे रचले. रॉबिन्सन डाव्या चळवळीतले संगीतकार. मॅकार्थीच्या काळात त्यांना काळ्या यादीत टाकले होते. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकात हा माणूस सहज शोभला असता. त्यांच्या गाण्यात एक कडवे थेट न्यायालयावर होते : न्यायाधीशांचा पोशाख, शाळांची बंद दारे, निकालावरच्या नऊ सह्या. बाकीची कडवी शाईच्या आणि कागदाच्या रंगावरून काळ्या-गोऱ्या मुलांनी एकत्र शिकण्याविषयीची, साधी, मुलांना म्हणता येतील अशी.

१९५७ मध्ये सॅमी डेव्हिस ज्युनिअर या कृष्णवर्णीय गायकाने ते ध्वनिमुद्रित केले. पीट सीगर यांनीही ते म्हटले. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेहाउंड या संचाने ते रेगेच्या ठेक्यावर बसवले आणि ते तिथल्या पहिल्या दहांत गेले. १९७२ च्या सप्टेंबरात थ्री डॉग नाइट या अमेरिकन संचाची आवृत्ती देशात पहिल्या क्रमांकावर पोचली. या संचाचे तिन्ही मुख्य गायक गोरे. ग्रेहाउंड आणि थ्री डॉग नाइट या दोघांच्याही आवृत्तीत न्यायालयाचे कडवे नाही. गाणे सर्वांचे व्हावे म्हणून ते काढले, असे म्हणतात. आपल्याकडे भीमगीत सिनेमाची चाल घेते आणि शब्द आपले घालते. तिकडे शब्द तेच राहिले, आणि त्यांतले ज्याच्यासाठी गाणे जन्मले तेवढेच गेले.

इंग्लंडच्या आवृत्तीला मी वेगळा न्याय देईन. तेथे ते न्यायालय नव्हते, तो निकालही नव्हता. रेगे हे जमैकाचे संगीत, वेस्ट इंडीजहून कामाला आलेल्या माणसांनी तेथे नेलेले. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी अशा स्थलांतरितांविरुद्ध जे भाषण केले, ते इंग्लंडच्या कानात ताजे होते. त्या ठेक्यावरच सलोख्याचे शब्द म्हटले गेल्याने कडवे नसतानाही गाण्याला धार राहिली. अमेरिकेतल्या आवृत्तीला ही सवलत देता येत नाही. ज्या देशात निकाल लागला, त्याच देशात निकालाचे कडवे नकोसे झाले. गाणे पहिले आल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ च्या सप्टेंबरात, बोस्टन शहरात काळ्या मुलांना शाळेत नेणाऱ्या बसगाड्यांवर गोऱ्या जमावाने दगड मारले. शाळेचे दार अजून पुरते उघडलेच नव्हते; गाण्यातून मात्र ते दार काढून टाकले होते.

आता आपल्या गाण्याकडे येऊ. १ ऑगस्ट २०२४ रोजी, योगायोगाने अण्णाभाऊंच्या जयंतीदिवशी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ‘पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग’ या खटल्यात सहा विरुद्ध एक असा निकाल दिला. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल, असे त्यात ठरले. २००४ चा याच्या उलटा निकाल रद्द झाला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत, आणि अ-ब-क-ड वर्गवारीची मातंग समाजातली मागणी जुनी आहे. निकालानंतर आमच्या भागात बौद्ध आणि मातंग कार्यकर्त्यांत कडवटपणा वाढला. या वादात बौद्ध बाजूने मी अनेकदा एकच उत्तर ऐकले : फूट पाडू नका, एकजूट ठेवा. म्हणजे चौथे कडवे.

मी बौद्ध घरातला आहे, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर अधिक येते. उपवर्गीकरणावर प्रामाणिक मतभेद असू शकतो. भरतीच बंद असताना वाटणीचा काय उपयोग, हा प्रश्न खोटा नाही. राज्यकर्ते या निकालाचा वापर दोन भावांना झुंजवायला करतील, ही भीतीही खोटी नाही. परंतु वाटा मागणाऱ्याला एकजुटीचे गाणे ऐकवून गप्प बसवणे म्हणजे अण्णाभाऊंचे चौथे कडवे दुसऱ्या-तिसऱ्याशिवाय म्हणणे होय. हीन ठरवलेल्याची तक्रार तिसऱ्या कडव्यात आहे, आणि ती लिहिणारा मातंग होता.

नामांतराच्या लढ्याने हे आपल्याला एकदा दाखवले आहे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. ते मातंग होते आणि त्यांनी ‘जय भीम’ सोडला नाही. त्यांना कोणी एकजुटीचे व्याख्यान दिलेले नव्हते. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार म्हणून मिळाले. त्याच्या श्रेयाच्या सभांत पोचिरामांचे नाव घेतले जाते; त्यांच्या समाजातली किती मुले त्या विद्यापीठात प्राध्यापक झाली, हे मात्र विचारले जात नाही. राज्य सरकारने ५९ जातींची नोकऱ्यांतली आणि उच्चशिक्षणातली जातवार आकडेवारी छापून लोकांपुढे ठेवावी, ही मागणी बौद्ध आणि मातंग संघटनांनी मिळून करायला काही अडचण नाही. उपवर्गीकरणाच्या बाजूच्यालाही ती हवी आणि विरोधकालाही. १ ऑगस्टच्या मिरवणुकीत ती फलकावर लिहिता येईल, आणि गाणे लावणाऱ्याला चारही कडवी असलेली आवृत्ती देता येईल.